शिक्क्याच्या कपाटाची किल्ली

माझे वडील वारल्यानंतरही सव्वा वर्ष विद्यापीठाचे कुलगुरू होते. मी पदरचं काही सांगत नाही. सभागृहात कुलगुरूंच्या खुर्चीमागे जी लाकडी फळी अजून टांगली आहे, तीच तसं सांगते. त्या फळीवर आजवरच्या सगळ्या कुलगुरूंची नावं आहेत आणि प्रत्येकाच्या नावापुढे त्याची कारकीर्द, कुठल्या महिन्यापासून कुठल्या महिन्यापर्यंत. बाबांच्या नावापुढचा शेवटचा महिना वाचा आणि मग आमच्या घरी येऊन बाबांच्या फोटोखालची तारीख वाचा. मेलेल्या माणसानं इतके दिवस विद्यापीठ चालवलं, आणि तेही बरं चालवलं, असं जगाच्या पाठीवर दुसरीकडे कुठं झालं असेल तर मला दाखवा.

हे झालं कसं ते कळायला आधी विद्यापीठातली पदं कळायला हवीत. मी जन्मभर शाळेत शिकवलं, शेवटी मुख्याध्यापिका होते, त्यामुळे लांबण लावायची सवय आहे. पण आवरतं घेते.

विद्यापीठ निघालं तेव्हा पहिले तीन कुलगुरू मानद होते. मानद म्हणजे पगार नाही, मान सगळा. त्यातले एक निवृत्त न्यायाधीश आठवड्यातून एकदा यायचे, सह्या करायचे, माळ्याला झापायचे आणि जायचे. मग पूर्णवेळ कुलगुरू आले. त्यांच्या हाताखाली रेक्टर नावाचं पद निघालं. रेक्टरनं काय करायचं हे कुणालाच कळेना, रेक्टरलाही कळेना, म्हणून ते मोडलं. त्या जागी प्र-कुलगुरू आले, पण ते बऱ्याच वर्षांनी. विद्याशाखांचे अधिष्ठाते आधी निवडून यायचे. भांडणं फार व्हायला लागली म्हणून नेमायला लागले, आणि भांडणं होती तेवढीच राहिली. एवढं सगळं बदललं, पण पदभार देण्याची रीत पहिल्या दिवसापासून तीच होती.

रीत अशी. विद्यापीठाचा शिक्का एका लोखंडी कपाटात असतो. तो उठल्याशिवाय पदवीचा कागद खरा नाही. त्या कपाटाची किल्ली कुलगुरूंकडे. जुने कुलगुरू खुर्चीतून उठणार, नवे बसणार, आणि जुन्यांनी उभं राहून बसलेल्याच्या हातात किल्ली ठेवायची. टेबलावर ठेवून चालत नाही, शिपायाकडे पाठवून चालत नाही. हातातून हातात. कुलसचिव, म्हणजे विद्यापीठाचं दप्तर सांभाळणारे अधिकारी, साक्षीला उभे. त्यानंतर जुन्यांनी महिन्याभरात बंगला सोडायचा. एवढं झालं की नवा माणूस कुलगुरू झाला, मग त्याचं नाव फळीवर.

फळीचीही एक रीत आहे. तिच्यावर फट चालत नाही. एकाची कारकीर्द ज्या महिन्यात संपली, त्याच महिन्यात दुसऱ्याची सुरू झाली पाहिजे. आणि जो तात्पुरता कारभार बघतो, ज्याला प्रभारी म्हणतात, त्याचं नाव तिथं लागत नाही.

बाबा त्या खुर्चीतच गेले. सकाळची बैठक चालू होती, कुणीतरी वसतिगृहाच्या नळांबद्दल तावातावानं बोलत होतं, आणि बाबांनी डोकं टेबलावर टेकवलं. लोकांना वाटलं, कंटाळले. पन्नाशीसुद्धा गाठली नव्हती त्यांनी. किल्ली त्यांच्या कोटाच्या खिशात होती. कोट घरी आला, किल्ली घरी आली, आणि घरीच राहिली. आईनं ती आपल्या शिवणाच्या डब्यात ठेवली. मी तेव्हा शाळेच्या शेवटच्या वर्षाला होते, भाऊ अगदीच लहान. किल्ली मागायला कुणी आलं नाही.

कारभार गेला दगडबाईंकडे. हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. त्या भूगर्भशास्त्र शिकवायच्या, पर्समध्ये रुमालाशेजारी दोन-चार दगड असायचेच, आणि स्वभावही काही मेणाचा नव्हता, तेव्हा विद्यार्थ्यांनी नाव ठेवलं. त्यांना ते माहीत होतं. रेक्टर मोडीत निघालेले, प्र-कुलगुरू अजून जन्मायचे होते, म्हणून सगळ्यांत ज्येष्ठ अधिष्ठाता या नात्यानं त्यांना बोलावलं. त्या आल्या, पण खुर्चीत बसल्या नाहीत. शेजारी एक वेताची खुर्ची मांडून घेतली आणि तिथून विद्यापीठ हाकलं. पदवीदानाच्या मिरवणुकीत कुलगुरू सगळ्यांच्या शेवटी चालतात. बाई चालल्या, आणि आपल्या मागं एका माणसाची जागा मोकळी सोडली. मी पायरीवर उभी राहून ते पाहिलंय. शिक्क्यासाठी त्यांनी कुलूपवाला बोलावून कपाट उघडून घेतलं, दुसरी किल्ली करून घेतली. आमच्या घरची मागितली नाही.

नोकरी करणाऱ्यांसाठी संध्याकाळचे वर्ग सुरू केले तेही त्यांनीच. आज त्या इमारतीच्या दारात बाबांचा अर्धपुतळा आहे, कारण कुणीतरी फळी बघून ठरवलं की तेव्हा कुलगुरू बाबा होते. बँकेत, दवाखान्यात, कुठंही माणसं मला थांबवतात आणि म्हणतात, तुमच्या वडिलांमुळे आम्ही शिकलो. मी दर वेळी सांगते, अहो, ते काम दगडबाईंचं. माणसं हसतात, मान डोलावतात, आणि पुढच्या वेळी पुन्हा तेच म्हणतात. पालथ्या घड्यावर पाणी.

मग कायमचे कुलगुरू आले, नवं कपाट आलं, नवी किल्ली कुलसचिवांनी 'दिवंगत कुलगुरूंच्या वतीनं' त्यांच्या हाती दिली. फळी रंगवायची वेळ आली तेव्हा फट दिसायला नको, म्हणून बाबांची कारकीर्द ओढून नव्या माणसापर्यंत नेली. चादर आखूड पडली की ओढतो ना, तशी. कुणीही हूं की चूं केलं नाही. आम्ही बंगला सोडून दोन खोल्यांत राहायला गेलो. आईला तोवर एका शाळेच्या ग्रंथालयात नोकरी लागली होती.

या गोष्टीला आता चाळीसहून जास्त वर्षं झाली.

मागच्या महिन्यात एका रविवारी आताचे कुलसचिव आमच्या घरी आले. टक्कल पडलेला, घामाघूम, कायम घाईत असलेला माणूस. दगडबाईंचा विद्यार्थी. मी चहा ठेवला. आई खिडकीपाशी तिच्या नेहमीच्या खुर्चीत बसली होती. वय झालंय, काठीशिवाय उठवत नाही, पण कान शाबूत आणि जीभ त्याहून शाबूत.

"काकू," कुलसचिव म्हणाले, "विद्यापीठाचा अमृतमहोत्सव येतोय. फळी काढून दगडी पाटी बसवायचं ठरलंय. आता रंगात चूक असली तर खरवडता येते, दगडात एकदा कोरलं की कोरलं. म्हणून मी म्हटलं, जे खरं ते कोरू या. ज्या प्रभारींनी वर्षाहून जास्त कारभार केला, त्यांची नावं घालायची, असा ठराव मी कसाबसा पास करून घेतलाय. तशा फक्त बाईच आहेत."

"मग घोडं अडलं कुठं?" मी विचारलं.

त्यांनी कपाळ पुसलं. "बाईंचं नाव घालायचं तर सरांची कारकीर्द सव्वा वर्षानं कमी करावी लागते. व्यवस्थापन परिषदेत दोघा-तिघांनी काढलं की दिवंगत माणसाचा मान कमी करणं बरं दिसत नाही. तेव्हा ठरावात एक शेपूट जोडलंय. कुटुंबीयांची हरकत नसल्यास."

माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. "माणूस कधी मेला याला घरच्यांची हरकत? अहो, परिषदेत शिकलेली माणसं बसतात ना?"

"मी काय करू ताई, मी तर साधा कुलसचिव. बाईंची तब्येत बरी नाही. छातीचं दुखणं आहे, डॉक्टर आता फार आशा देत नाहीत. त्यांनी ते नाव डोळ्यांनी बघावं, एवढंच माझ्या मनात आहे. कोरणारा कारागीर याच आठवड्यात येतोय. काकूंनी नुसतं 'हरकत नाही' म्हटलं तरी मला पुरे."

आम्ही दोघंही आईकडे बघायला लागलो. तिनं बशी खाली ठेवली.

"हरकत आहे," आई म्हणाली.

कुलसचिव चहा तसाच सोडून गेले. दारात मला हळूच म्हणाले, "ताई, तुम्ही बघा जरा." मी बघणार होतेच. दार लागल्या लागल्या मी आईवर तुटून पडले. शाळेत मुलांना घाबरवायला जो आवाज वापरायची, तो आवाज माझ्या तोंडून आला असावा, कारण शेजारणीनं तिचा टीव्ही बंद केला.

"अगं आई, तुला झालंय काय? बाबांची कुठली गोष्ट कमी होणार आहे त्यानं? त्या बाईंनी राबराब राबून सगळं सांभाळलं, नाव मात्र बाबांचं झालं. आता मरायला टेकल्यात त्या, आणि तू..."

"ओरडू नकोस. मला ऐकू येतं."

"मग बोल ना! असं मूग गिळून बसू नकोस."

आईची एक गोष्ट सांगायला हवी. बाबा 'गेले' हा शब्द ती कधी उच्चारत नाही. 'त्या वेळी' म्हणते, 'ते झालं तेव्हा' म्हणते. आणि दरवर्षी पदवीदानाचं आमंत्रण आलं की जाते. समारंभ संपला, लोक चहाकडे वळले की ती सभागृहात एकटी जाऊन फळीसमोर उभी राहते. मला वाटायचं, नवऱ्याचं नाव बघून बरं वाटत असेल.

"त्या फळीवर," आई म्हणाली, "तुझे बाबा सव्वा वर्ष जास्त जगलेत. सगळ्या जगात तेवढी एकच जागा आहे. तिथं मी जाते आणि वाचते. त्या उन्हाळ्यात ते आहेत. तुझा निकाल लागला तेव्हा आहेत. धाकट्याला गोवर आला तेव्हाही आहेत. तुला काय जातंय गं, राहिले तिथं तर?"

चहाचे कप उचलून मी आत गेले आणि नळ सोडून उगाच धूत बसले.

पण दगडबाईंचं काय करायचं? रात्रभर डोक्यात तेच. दुसऱ्या दिवशी दुपारी मी त्यांच्याकडे गेले. सरळ जाऊन सांगावं, माफी मागावी, असं ठरवलं होतं.

बाई एका जुन्या इमारतीत भाचीसोबत राहतात. लग्न केलं नाही. खोलीत पलंग, पुस्तकं आणि खिडकीच्या कठड्यावर ओळीनं दगड. बाई उशांना टेकून बसल्या होत्या, श्वास घेताना शिट्टीसारखा आवाज येत होता. इतक्या लहानशा झाल्या होत्या की मला धक्काच बसला.

"ये, कुलगुरूंची लेक," त्या म्हणाल्या. "माझा विद्यार्थी येऊन रडून गेला काल. तुझी आई नाही म्हणाली ना?"

"हो. बाई, मला फार लाज वाटते..."

"कशाची लाज? बरोबर म्हणाली ती. आणि पाटी कसली करतायत? काळा ग्रॅनाइट? दुकानदार म्हणतात ग्रॅनाइट. काळा असतो तो बहुतेक ग्रॅनाइट नसतोच. असल्या खोट्या दगडावर नाव नाही आलं तर माझं काय अडतंय?"

त्या हसल्या आणि हसता हसता खोकल्या. भाचीनं पाणी दिलं. माझी जीभ मात्र आवरेना. "बाई, तुम्ही तेव्हाच खुर्चीत बसला असतात, तर हे रामायण झालंच नसतं. कायमच्या का नाही झालात? की केलं नाही तुम्हाला कुणी? बाई माणूस म्हणून?"

त्यांनी भाचीला आत जायला सांगितलं.

"विचारलं होतं," त्या म्हणाल्या. "सर गेल्यावर दोन महिन्यांत. परिषदेतले तिघं घरी आले. म्हणाले, तुम्ही चांगलं चालवताय, पदभार घ्या, शोधसमिती वगैरे नावापुरती करू. मी नाही म्हटलं."

"का?"

"तुमच्यामुळे."

"आमच्यामुळे?" मी विचारलं.

"अगं, किल्ली हातात घेतली की महिन्याभरात बंगला रिकामा करावा लागतो. नियम आहे. मी राहायला गेले नसते, तरी तुम्हाला काढलंच असतं. त्या बंगल्याचं अतिथिगृह करायला टपलेली माणसं होती परिषदेत. सरांनी घर बांधलं नव्हतं. तुझी आई कधी नोकरीला गेलेली नव्हती. तू परीक्षेला बसलेली. तुम्ही जाणार होतात कुठं? खुर्ची रिकामी आहे तोवर बंगला कुलगुरूंचा. म्हणून मी शोधसमितीला म्हटलं, शोधा, निवांत शोधा. तुझ्या आईचा ग्रंथालयाचा अभ्यासक्रम पुरा होऊन तिला नोकरी लागली, मग म्हटलं, आता सापडू द्या कुणीतरी."

"आणि किल्ली? ती का नाही मागितलीत?"

"ती तिच्याकडे होती तोवर पदभार कुणी दिलेला नाही, असं मला परिषदेत म्हणता येत होतं. किल्ली मागितली असती तर माझा मुद्दाच संपला असता." त्यांनी खिडकीकडे पाहिलं. "आणि मागायला धीरही झाला नाही. एकदा आले होते तुमच्याकडे. तुझी आई शिवत बसली होती, डबा शेजारी उघडा, किल्ली दोऱ्यांच्या रिळांत दिसत होती. मी चहा प्यायले आणि परत आले."

मी म्हणाले, "म्हणजे तुम्हाला खुर्ची नकोच होती."

"असं कुणी सांगितलं तुला?" बाई एकदम करड्या आवाजात म्हणाल्या, वर्गात म्हणत असतील तशा. "हवी होती. फार हवी होती. शेजारच्या वेताच्या खुर्चीत बसून सव्वा वर्ष मी तिच्याकडे बघत होते. मी काही संतबिंत नाही. पुढं ज्यांना नेमलं ते माझ्यापेक्षा कमी शिकलेले होते, आणि त्यांना तिथं बसलेलं बघून मी घरी येऊन रडले होते. पण आता ते उगाळून काय मिळणार? तुझ्या आईला यातलं काही सांगू नकोस. ती समजते, समित्यांना वेळ लागतो. समजू दे."

मी हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. मी ज्या टेबलावर अभ्यास केला, ज्या खोलीत भाऊ आजारातून उठला, ते सगळं कुणीतरी आपल्या पदरचं मोडून आम्हाला दिलं होतं आणि आम्हाला त्याचा पत्ताही नव्हता.

घरी आले आणि आईला सगळं सांगितलं. बाईंनी नको म्हटलं होतं, तरी सांगितलं. काही गोष्टी मला पोटात ठेवता येत नाहीत, आणि ही तर ठेवायचीच नव्हती.

आई ऐकत होती. मधे एकदाच बोलली. "मी म्हणायचे, समित्या म्हणजे नुसत्या गोगलगायी. बरं झालं, म्हणायचे. त्यांच्या आळशीपणाचे आभार मानायचे मी."

मग तिनं शिवणाचा डबा मागितला. मी दिला. रिळं, बटणं, मोडकी कात्री, सगळं मांडीवर ओतलं. किल्ली तळाशी होती. लांब दांड्याची, जुनी, एका बाजूनं गंजलेली. आई ती पदरानं पुसत राहिली. गंज पदराला लागला, तरी पुसत राहिली.

"तिला हवी होती, असं म्हणाली?"

"हो. फार हवी होती म्हणाल्या."

आई रडली. बाबांच्या वेळी ती आमच्यासमोर रडली नव्हती, म्हणून मला तिचं रडणं माहीतच नव्हतं. मी तिच्या पायाशी बसले आणि तिचे गुडघे धरून ठेवले. डोळे कोरडे झाल्यावर ती म्हणाली, "त्या टकल्याला फोन लाव. म्हणावं, उद्या सकाळी गाडी घेऊन ये. आणि कुलसचिव म्हणून ये, चांगले कपडे घालून."

दुसऱ्या दिवशी कुलसचिव कोट घालून आले. आईनं त्यांना कुठं जायचं आणि कशाला ते सांगितलं तेव्हा ते आधी गोंधळले. "काकू, ते कपाटसुद्धा आता नाही. भंगारात गेलं. या किल्लीनं काहीच उघडत नाही."

"मी काही उघडायला सांगितलंय का तुला?" आई म्हणाली. "तुझं काम साक्षीला उभं राहायचं. तेवढं कर."

बाईंच्या इमारतीत लिफ्ट नाही. आईनं जिना चढायला किती वेळ घेतला ते विचारू नका. प्रत्येक वळणावर मी म्हणायची, आई, बाईंना खाली आणता येत नाही, पण किल्ली मी नेऊन देते ना. ती मानेनंच नाही म्हणायची आणि कठडा धरून पुढच्या पायरीवर पाय टाकायची.

भाचीनं दार उघडलं. बाई पलंगावर आडव्या होत्या, कालच्यापेक्षा थकलेल्या. आईला बघून त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी नजर चुकवली.

"सांगितलंस ना?" त्या म्हणाल्या. "तोंडात तीळ भिजत नाही या मुलीच्या. बसा वहिनी, बसा. केवढे जिने चढून आलात."

आई बसली नाही. "आधी तुम्ही. खुर्चीत बसा."

"मी आता कसली खुर्चीत बसते? आहे तिथं बरी आहे."

"बाई, रीत तुम्हाला माहीत आहे. ज्याला द्यायची तो बसलेला पाहिजे. देणारा उभा. मला फार वेळ उभं राहवत नाही, तेव्हा लवकर करा."

बाईंना तेव्हा कळलं. त्यांनी भाचीला हातानं खूण केली. भाचीनं आणि मी मिळून त्यांना उठवलं. अंगात काही वजनच उरलं नव्हतं. भाचीनं जेवणाच्या टेबलाची खुर्ची आणली, पाठीला उशी लावली. बाईंनी स्वतःच्या हातानं केस सारखे केले, शाल खांद्यावर नीट घेतली आणि ताठ बसल्या. श्वासाची शिट्टी तेवढी सगळ्यांना ऐकू येत होती.

कुलसचिव हात जोडून बाजूला उभे राहिले. आईनं काठी माझ्या हातात दिली. मी तिचा दंड धरायला गेले तर तिनं माझा हात झटकला. तिचे पाय लटलटत होते.

"वहिनी, पडाल. बसा हो," बाई म्हणाल्या.

"थरथरू देत पाय." आईनं किल्ली काढली आणि बाईंचा हात आपल्या हातात घेऊन तळव्यावर ठेवली. "मला ते शब्द येत नाहीत, तुम्ही लोक म्हणता ते. माझ्या नवऱ्याच्या वतीनं हा पदभार मी तुम्हाला देते. ज्या दिवशी ते गेले..."

तिथं ती थांबली.

"ज्या दिवशी ते गेले," आई पुन्हा म्हणाली, "त्या दिवसापासून. द्यायला मला उशीर झाला." मग कुलसचिवांकडे वळून म्हणाली, "ऐकलंस? माझी हरकत नाही. ते गेले तीच तारीख कोर, आणि खाली यांचं नाव कोर. बघितल्याशिवाय यांना काही होऊ द्यायचं नाही, हे तुझं काम."

कुलसचिव मोठा माणूस, कोट घातलेला, पण नुसते मान हलवत राहिले. बाईंनी किल्लीवर मूठ मिटली. डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि ते पुसायला त्यांनी हात उचलला नाही, कारण एका हातात किल्ली होती आणि दुसरा आईनं धरून ठेवला होता.

शेवटी त्या बोलल्या. आवाज अगदी बारीक, पण तो जुना करडेपणा होता त्यात.

"मग वहिनी, बंगला कधी सोडताय?"

भाची घाबरून माझ्याकडे बघायला लागली. आई आधी दचकली, मग हसली. खरंच हसली, खांदे हलेपर्यंत, आणि हसता हसता तिला रडू फुटलं.

"सोडला हो बाई," ती म्हणाली. "आज सोडला."

मग ती बाईंच्या शेजारी पलंगाच्या कडेवर बसली.